काकूंचं स्टॉपवॉच

बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकभोवती शिर्के काका रोज सकाळी चालतात, ते चामडी हातमोजे घालून. सिंगापूरच्या या उकाड्यात! वळण आलं की एक खांदा झुकवतात आणि हवेतच गिअर टाकतात. आयुष्यात गाडी चालवली नाही हो या माणसाने! पिंपरीच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडण्यात सगळी हयात गेली.

हे सगळं कुणापायी, तर पन्नासच्या दशकातल्या एका इंग्रज रेसिंग ड्रायव्हरपायी. काका त्याला नुसतं 'आपला गडी' म्हणतात. गडी बापाच्या गॅरेजात शिकला, जुनी गाडी घेऊन शर्यतीत उतरला, विश्वविजेता काही झाला नाही. कधी क्लच गेला, कधी तेल सांडलं. "पण जेवढं जिंकला ना, ते बायकोच्या जिवावर!" त्या काळी म्हणे ड्रायव्हरची बायको ट्रॅकच्या कडेला स्टुलावर बसून स्टॉपवॉच दाबायची, प्रत्येक फेरी कागदावर टिपायची.

म्हणून ब्लॉकखालच्या बाकावर काकांची बायको, आमच्या कुंदाकाकू, हातात स्टॉपवॉच. काकूंना हल्ली काही आठवत नाही, मुलाचं नावसुद्धा. पण काका वळणावर दिसले की अंगठा बरोब्बर पडतो. "मला ती सेकंदासकट ओळखते," काका ऐटीत सांगतात. माझी लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "अंकल सो स्लो, लाह!" त्यावर काका, "टायर जपतोय गं."

मला एकच उत्सुकता होती. गड्याच्या शेवटच्या शर्यतीचं काय झालं? सगळी कारकीर्द ऐकवली, पण तिथे आलं की काका "ते उद्या" म्हणून सटकायचे.

गेल्या मंगळवारी काका वळणावरून आले आणि अंगठा हललाच नाही. काकू त्यांच्याकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. काका माझ्यापाशी थांबले. हातमोजा उगाच ओढत म्हणाले, "शेवटच्या शर्यतीत गडी पुढे होता. पण स्टुलावर बायको दिसेना. आजारी होती, त्याला तेव्हा कळलं. गाडी तिथंच थांबवली, परत कधी बसलाच नाही."

मी बाकावरच्या काकूंकडे पाहिलं.

"मी नाही थांबणार," काका म्हणाले. "नजर चुकली असेल तिची. आणखी एक फेरी मारतो."

गुडघा धरत निघालेसुद्धा. मी काकूंशेजारी बसले, माझे डोळे भरून आले होते.

"कोण यायचंय?" काकूंनी विचारलं.

"तुमचा गडी, काकू."

काकूंनी वळणाकडे पाहिलं आणि अंगठा बटणावर ठेवला.