रांगोळी जरा हळू काढा

सकाळपर्यंत शहाण्यासारखी ठिपक्यामागून ठिपका मांडणारी रांगोळी दुपारी बारा वाजता कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुसाट सुटली. ठिपके मोजायच्या आत पाकळ्या, आणि पाकळ्या दिसायच्या आत रंग भरून मोकळी.

"बाबा, हे पळून राहिलं," देवकी म्हणाली.

एकोणनव्वद सालचा मे महिना होता. मानकापूरच्या त्या गल्लीत कॉम्प्युटर असलेलं हे एकच घर. तेव्हा लोक तो पाहायला यायचे ते चपला काढून, हात धुऊन. देवकीनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि चार वाजता मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पुष्पलताबाई तिची रांगोळी पाहायला येणार होत्या. पसंत पडली तर जूनपासून कॉम्प्युटरचा नवा वर्ग देवकीला, नाही तर धंतोलीच्या एका सरांना. बाईंनी आधीच बजावलं होतं, "मुलींना एकेक पायरी दिसली पाहिजे. नुसता सिनेमा नको." प्रोग्रॅम घरी बदलता येत नव्हता. तो इन्स्टिट्यूटच्या मशीनवर तयार केलेला आणि इन्स्टिट्यूट उन्हाळ्याची बंद.

देवकीचे वडील चंपतराव कोराडीच्या वीजकेंद्रातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी झाकण उघडलं, परवाच बसवलेलं रंगीत ग्राफिक्स कार्ड काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. झाकण लागताच देवकीच्या आईनं, वच्छलाबाईंनी, आपला भरतकामाचा रुमाल पुन्हा वर पांघरला. रांगोळी तशीच पळाली.

"या कार्डाचं क्लॉक वाढलं," चंपतरावांनी निदान केलं. "जोरात ठोके देऊन राहिलं."

"मग त्याले हळू कसं करायचं?"

"लोड टाकायचा. लोड वाढला की फ्रिक्वेन्सी पडते, आन् कोराडीचं एवढं मोठं टर्बाइन दमते. हा डबा काय चीज आहे."

"बाबा, याले टर्बाइनचं नाई समजत."

"वीज त तिकडूनच येते न."

कूलर फुल केला. मग इस्त्री लावली, मिक्सर रिकामाच फिरवला. शेवटी बादलीत पाणी तापवायची कांडी पडली, तेव्हा वच्छलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मे महिन्यात पाणी काहून तापवून राहिले जी?"

"आंघोळीले नाई, लोडले." चंपतरावांनी पडद्याकडे पाहिलं. "थोडी हळू झाली न, देवकी?"

"तुम्ही डोळे बारीक करून पाहून राहिले म्हणून तसं वाटते."

मग चंपतराव कंपाउंडपाशी गेले. "गणपतराव, तुमची मोटर लावा बरं."

"नळाले पाणी नाई गा," शेजारचे गणपतराव म्हणाले.

"पाण्याचं काही काम नाई. पोरीच्या नोकरीचा सवाल आहे."

पोरीची नोकरी म्हटल्यावर कोणी जास्त विचारलं नाही. गणपतरावांनी मोटर लावली आणि पुढच्या घरी निरोप दिला. अर्ध्या तासात गल्लीत लावण्यासारखं जे जे होतं ते सगळं लागलं. पावणेचारला कोपऱ्याच्या खांबावर फट् असा आवाज झाला आणि गल्लीतले सारे कूलर एकदम गप्प झाले.

पुष्पलताबाई ठरल्याप्रमाणे चारला आल्या. पदरानं वारा घेत त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "साडेपाचला मला त्या सरांकडे जायचंय."

देवकीनं एक क्षण विचार केला आणि रांगोळीचा डबा काढला. "आई, तू कॉम्प्युटर हो."

"म्हणजे काय करू?"

"मी सांगीन तेवढंच करायचं. आपल्या मनानं काहीच नाई."

"लग्न झाल्यापासून तेच करून राहिली," वच्छलाबाई म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या.

"पहिली ओळ, सात ठिपके. थांब. दुसरी ओळ, सात ठिपके. थांब."

"सारखी थांब काहून वं? पुढचं मले येते न."

"कॉम्प्युटरले सांगितल्याबिगर येत नाई."

तिसऱ्या ओळीला पुष्पलताबाई खुर्चीवरून उतरून फरशीवर आल्या. पाचव्या ओळीनंतर त्या स्वतःच सांगू लागल्या. "चौथ्या ठिपक्यावरून उजवीकडे रेघ. अरे, चुकलं. डावीकडे हवी होती."

"मले माहीत होतं चुकते म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"कॉम्प्युटर बोलते काय जी?"

पुष्पलताबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. वायरमननं फ्यूज बांधला तेव्हा पावणेपाच झाले होते. देवकीनं मशीन सुरू केलं. रांगोळी सुटली आणि संपली.

"हा लाल दिवा कसला?" समोर लोंबणारा रुमाल उचलून पुष्पलताबाईंनी विचारलं.

"तो मीच लावला," वच्छलाबाई म्हणाल्या. "सकाळी पुसताना एक बटण बाहेर आलेलं दिसलं. म्हटलं नीट बसवून द्यावं."

देवकीनं बटण दाबून पुन्हा बाहेर काढलं. मशीन जोरात पळवायचं बटण ते. दिवा विझला. तिनं रांगोळी पुन्हा सुरू केली, आणि पडद्यावर पहिला ठिपका उमटला, मग सावकाश दुसरा. चंपतराव कोणाकडे न पाहता पाण्यातली कांडी काढायला आत गेले.

"वर्ग तुझा," पुष्पलताबाई देवकीला म्हणाल्या. "एकच अडचण आहे. शाळेचा कॉम्प्युटर दिवाळीनंतर येणार." मग त्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. "तोवर यांना घेऊन येत जा."

वच्छलाबाईंनी बोटांवरची रांगोळी झटकली.

"येईन. पण पोरींले सांगून ठेवा बाई, एका वेळी एकीनंच सांगायचं."