संकलकाची अंतर्गत चूक

वजनमापे तपासणी कार्यालयातील प्रोग्रामरने सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कंपायलरची नवी आवृत्ती बसवली. या कृत्यामागे त्याचा कोणताही वाईट हेतू नव्हता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवून देणारा दुसरा प्रोग्राम. जुना कंपायलर सहा वर्षे विनातक्रार चालत होता, आणि तो बदलण्यास एवढे कारण पुरेसे मानले गेले. नव्या आवृत्तीचे वैशिष्ट्य असे, की ती आपले संदेश शुद्ध मराठीतून देई.

पावणेअकराला तिने पहिला संदेश दिला : 'संकलकाची अंतर्गत चूक. पूर्वीची आवृत्ती वापरून पाहावी. चूक कायम राहिल्यास ती पुन्हा घडवून दाखवणारे लहानात लहान उदाहरण जोडून तक्रार करावी.'

प्रोग्रामरला अर्थ चटकन कळला. कोणा भाषातज्ज्ञाने कंपायलरचे 'संकलक' केले होते, आणि तो संकलक स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला होता. पण संदेश त्याच्या खांद्यावरून साहेबांनीही वाचला होता, आणि कार्यालयात संकलक नावाचे एक पद होते. ठिकठिकाणच्या तराजूंची तपासणीपत्रके जमवून महिन्याचा तक्ता करणाऱ्या एक बाई त्या पदावर बावीस वर्षे होत्या. त्या प्रोग्रामरच्या सख्ख्या मावशी, आणि येत्या एक तारखेला त्या मुख्य संकलक व्हायच्या होत्या.

"साहेब, इथे संकलक म्हणजे माणूस नव्हे," प्रोग्रामर म्हणाला.

"असं बोलू नये," साहेब गंभीरपणे म्हणाले. "बावीस वर्षं सेवा झालीय त्यांची. चुकल्या असतील, पण माणूसच आहेत त्या."

चूक अंतर्गत असल्याने अंतर्गत चौकशी समिती नेमण्यात आली. प्रोग्रामरने तिच्यापुढे दीड तास फळ्यावर आकृत्या काढल्या. समितीने त्या परिशिष्ट म्हणून जोडल्या, आणि भाच्याने मावशीची बाजू घेणे स्वाभाविक असल्याची सहानुभूतीपूर्वक नोंद केली. जुना कंपायलर परत बसवू का, असे त्याने विचारले. पण 'अद्ययावतीकरण पूर्ण' असे वर कळवून झाले होते, त्यामुळे मागे जाण्याचा मार्ग खुला असला तरी तसा रकाना उपलब्ध नव्हता.

पूर्वीची आवृत्ती मात्र वापरायची होतीच. म्हणून मावशींच्या आधीचे संकलक, वय वर्षे ऐंशी, यांना मंगळवारी गाडी पाठवून आणण्यात आले. त्यांनी आपली दौत कुठे आहे असे विचारले, जुन्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि सव्वाअकराला तिच्यातच झोपी गेले. प्रोग्रामरने कंपायलर चालवण्याचे बटण दाबले, तोच संदेश आला. चूक पूर्वापार असल्याचे सिद्ध झाले.

मग लहानात लहान उदाहरण. समितीने मावशींच्या टेबलावरून एकेक वस्तू कमी करायची आणि दर वेळी बटण दाबायचे, अशी पद्धत ठरवली. आधी पत्रके गेली, मग फोन, कागदाला भोके पाडायचा पंच, टाचण्यांची डबी, शेवटी खण. संदेश अढळ राहिला. बुधवारी संध्याकाळी मावशी उघड्या टेबलामागे हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"आता श्वास तेवढा उरलाय," त्या भाच्याला म्हणाल्या. "तो कुठल्या फायलीत लावायचा ते विचार, म्हणजे तोही जमा करते."

प्रोग्रामर विज्ञानाचा पदवीधर होता, आणि इथे त्याचे शिक्षण आडवे आले. त्याने समितीला सुचवले की मावशींनाच खोलीबाहेर ठेवून बटण दाबावे. त्या नसतानाही संदेश येईल, आणि प्रश्न मिटेल. साहेबांना कल्पना फार आवडली. गुरुवारी सकाळी दहा वाजता मावशींना तळघरातील भांडारात पाठवण्यात आले.

त्याच सकाळी साडेनऊला, कंपायलर तयार करणाऱ्यांनी पाठवलेली दुरुस्ती यंत्राने कोणालाही न विचारता स्वतःवर बसवून घेतली होती. दहा वाजून दोन मिनिटांनी प्रोग्रामरने बटण दाबले. प्रोग्राम सुरळीत चालला. समितीने टाळ्या वाजवल्या.

दुरुस्तीची वेळ पडद्यावर दिसत होती. ती दाखवून तो घसा सुकेपर्यंत बोलला. मावशींना परत आणून एकदा, फक्त एकदा, बटण दाबू द्या, एवढेच त्याचे मागणे होते.

"प्रयोग तुमचाच होता ना?" साहेब म्हणाले. "आणि सुरू झालंय तर आता कशाला हात लावता?"

बढतीचा आदेश रद्द झाला. बदली भांडारात, कायमची. प्रोग्रामर खाली गेला तेव्हा मावशी मोडक्या तराजूंवरची धूळ झटकत होत्या.

"तू गप्प बसला असतास, तर मी नुसती दोषी ठरले असते," त्या म्हणाल्या. "आता शास्त्रीयदृष्ट्या ठरले."

साहेबांना हसणाऱ्या वाचकाने एवढेच करावे. सामना रंगात आला असताना, 'तू आलीस की आपला खेळाडू बाद होतो' असे सांगून ज्या बाईला त्याने स्वयंपाकघरात थांबवले होते, तिला आता बाहेर बोलवावे. सामना आपण जिंकलो, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही.