पुढा-पाठ नसलेल्या विजारीची हकीकत

केळझरच्या गजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, सेलू कसब्यात ताराचंदजींचे घरी जी विजार सिद्ध जाहली, तिचे कापड कोठून आणिले, शिलाई कैसी जाहली, रंग कोठे चढला आणि कोठे न चढला, आणि तिचेपायी कन्येचे लग्न बुडता बुडता कैसे वाचले, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. यात पदरचे काही घातले नाही. जे घातले ते रजतरावांनी घातले, आणि ते भर मांडवात घातले.

तर रजतराव म्हणजे ताराचंदजींचे चिरंजीव. नागपुरी राहोन कपड्याच्या डिझाइनची विद्या संपादिली, आणि मग सेलूस परतले ते डोईचे केस अर्धे राखोन आणि अर्धे उतरवोन. हे देखोन आळीतले लोक पुसू लागले जे, न्हाव्याकडची विजेची लाइन मधातच गेली होती काय. राजश्रींनी तिकडे कान न दिला. मनसुबा एकच होता. भगिनी मोहिनीबाई यांचे लग्न वैशाखात ठरले होते, वर जुने सोयरे आर्वीकर नत्थूजी यांचे पुत्र, आणि त्या लग्नात आपले हातची विजार लेवोन तमाम गणगोतापुढे उभे राहावे म्हणजे विद्येचे चीज होईल. हा मनसुबा तीर्थरूपांचे कानी गेला. तीर्थरूप वावरातून आले, पाय धुतले, चहा घेतला, आणि मग हुकूम फर्माविला जे, घालणे तर घालावे, मात्र या पँटीपायी लग्नात तिळभर विघ्न आले तर दुसरे दिवशी देवळीस किसनरावकाकांचे कृषी केंद्रावर जाऊन बसावे आणि आयुष्यभर फवारणीची औषधे विकावी. किसनरावकाका हे तीर्थरूपांचे चुलतबंधू. त्यांचे दुकानी पोरगा टिकत नव्हता, म्हणोन त्यांनी या हुकमास तत्काळ रुकार दिला आणि काउंटरमागची खुर्ची पुसोन ठेविली.

आता कापडाचा मजकूर. रजतरावांचे मत ऐसे जे, दुकानी कापड ते मुर्दाड कापड; ज्यास माणसांचा इतिहास आहे तेच कापड अस्सल. ऐसे कापड घरीच होते. मातोश्री मनकर्णाबाईंचे पलंगाखाली लोखंडी पेटी, आणि पेटीत आहेराचे पँटपीस. या मुलखाचा दस्तूर सर्वांस ठाऊकच आहे. लग्न असो, बारसे असो, घराची वास्तू असो, यजमानाने पाहुण्यास आणि पाहुण्याने यजमानास टिळा लावोन पँटपीस द्यावा, घेणाऱ्याने तो पेटीत घालावा, आणि पुढील कार्यात दुसऱ्यास टिळा लावोन द्यावा. शिवावा ऐसा विचार शहाणा मनुष्य मनीही आणीत नाही. शिवणे म्हणजे नोटेचा पतंग करणे.

मातोश्री लग्नाचा बस्ता बांधावयास वर्ध्यास गेल्या, ही संधी साधोन रजतरावांनी पेटीवर छापा घातला आणि आतील तमाम खजिना हस्तगत केला. सायंकाळी मातोश्री परतल्या, आणि व्याह्यांना द्यावयाचे आहेर काढावे म्हणोन पेटी उघडली, तो आत फिनाइलच्या गोळ्या तेवढ्या शाबूत. मग जो कहर जाहला त्याचे वर्णन करवत नाही. एक वाक्य तेवढे नोंदवितो.

"पेटी मोकळी केली ह्यानं. आता आर्वीवाल्याइले आहेरात का मी माहं डोक्सं देऊ?"

परंतु कात्री चालोन गेली होती. पिको-फॉलवाल्या जयाताई यांस शिलाईचे कामी नामजाद केले. त्यांनी उभ्या हयातीत ब्लाउजांचे गड शेकड्यांनी सर केले होते, मात्र हा गड त्यांनाही नवा. विजारीचा घेर ऐसा जे आत बाजारची गोणीभर वांगी सहज मावावी. बैठक गुडघ्यापर्यंत लोंबती. खिसा पोटरीवर, कारण तेथवर हात पोचत नाही आणि न पोचणे हेच त्या खिशाचे म्हणणे. एका अंगास सर्वांत मोठा अखंड तुकडा लाविला, बिस्किटी रंगाचा, त्यावर हिरवी रेघ. हा केळझरकर रूपरावमामांनी, म्हणजे मातोश्रींचे सख्खे बंधूंनी, रजतराव बारावी पास झाले तेव्हा दिला होता. दुसऱ्या अंगास किसनरावकाकांचे घरचा निळा. बाकीचे बारीकसारीक गोत पायांकडे. जयाताईंनी ते सगळे उलटे पालटे करोन पाहिले आणि पुसिले जे, ह्याले पुढं कोनतं अन् मांगं कोनतं? रजतरावांनी मंद हास्य करोन सांगितले जे, पुढे-मागे हा प्रश्नच गेल्या शतकातला.

"बरं," जयाताई म्हणाल्या, "मंग चेन कुठं लावू, ते तं ह्या शतकातलं सांगशीन?"

यावर बहुत खल होऊन चेन रद्द जाहली आणि नाडी मंजूर जाहली.

मग रंगाची मोहीम. आधी शिवावे आणि मग अवघी विजार एकदम रंगात बुडवावी, हा नागपुरी शिकोन आलेला दस्तूर. रंग काळा ठरला, वावरातील मातीसारखा काळाभोर, म्हणजे सगळे तुकडे एकजीव होतील आणि कोणाचे कोणते हे ब्रह्मदेवासही न कळेल. त्यासाठी गंजके खिळे, वखराची मोडकी लोखंडी पास आणि गूळ मडक्यात घालोन अंगणात कुजत ठेविले. त्याचा दर्प ऐसा उठला जे, शेजारच्यांनी दोन वेळा घूस मेली म्हणोन भिंतीत शोध केला. पुढे बाभळीची साल उकळली, विजार आधी सालीचे पाण्यात आणि मग मडक्यातील अर्कात बुडविली, आणि राजश्री रात्रंदिन काठीने ढवळू लागले. हात काळे जाहले. मातोश्रींचा भात शिजवावयाचा गंज काळा जाहला. अंगणात निजणारे पांढरे कुत्रे एका अंगाने काळे जाहले. विजार बाहेर काढिली, तो बिस्किटी तुकडा बिस्किटी, निळा तो निळा.

कारण उघडच होते. चहूकडे नजर पोचेल तेथवर कापूस पिकविणारा मुलूख, आणि आहेराचे पेटीत कापसाचा एक धागा नाही! सगळे पॉलिस्टर. त्यास सालीचा रंग शिवेना. मात्र जयाताईंनी शिलाईस सुती दोरा वापरिला होता, त्याने रंग गटागटा प्याला, आणि टाका न् टाका कोळशासारखा उमटला. ज्या तुकड्यांची ओळख पुसावयाची होती, त्या प्रत्येकाभोवती आता काळी चौकट. रजतरावांनी तत्काळ जाहीर केले जे, हेच आरंभापासून योजिले होते. कलावंताचे हे एक बरे असते.

लग्नाचा दिवस उगवला. सेलूच्या लॉनवर मंडप, डीजे, मठ्ठ्याचे ड्रम, आणि दोन्हीकडील फौजा समोरासमोर. रजतराव विजार लेवोन दाखल जाहले. प्रथम पोराटोरांत हशा पिकला, एकाने मोबाइलवर चित्रफीत काढिली, परंतु विघ्न म्हणावे ऐसे काही नव्हते, आणि राजश्रींचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला. इतक्यात व्याही नत्थूजी सामोरे आले. रजतराव रीतीप्रमाणे त्यांचे पायी वाकले. वाकले ते बहुत खाली वाकले. आणि नेमके पाठीमागे, दोन हातांवर, खुर्चीत, गुलाबी फेटा बांधोन, रूपरावमामा.

मामांनी पाहिले. बिस्किटी रंग. हिरवी रेघ. त्यांस काय तो बोध जाहला, आणि त्यांनी फेटा उतरवोन मांडीवर ठेविला.

हा प्रसंग साधा न समजावा. वधूस हाती धरोन मांडवात आणणे हा मामाचा हक्क. मामा न उठे तर वधू न उठे, वधू न उठे तर अक्षता हातीच राहती. मंगलाष्टकांची वेळ होत आली, भटजी माइक फुंकू लागले, आणि मामा वॉटर कूलरपाशी तोंड फिरवोन बसले. रदबदलीस मातोश्री गेल्या. मामांनी बहिणीस सुनाविले:

"माह्या आहेरावर तुहा पोट्टा बसून राह्यला, अन् म्या पोरीले मांडवात आनू?"

तीर्थरूपांनी रजतरावांकडे पाहिले. किसनरावकाकांनीही पाहिले, आणि त्यांचे मुखी ऐसे समाधान विलसले जैसे की दुकानी पोरगा लाभलाच. रजतरावांस कीटकनाशकाचा वास तेथवर येऊ लागला. पँट बदलोन येतो म्हणावे तर विद्या बुडाली. न बदलावी तर बहीण खोलीत शालू नेसोन खोळंबली.

तेव्हा त्यांस सुचले जे, या विजारीस पुढा नाही आणि पाठ नाही. राजश्री आचाऱ्यांचे गॅस सिलिंडरांआड गेले, नाडी सोडिली, विजार फिरविली, नाडी बांधिली, आणि बाहेर आले ते बिस्किटी तुकडा पुढे मिरवीत. ही चाल पाहोन मामांनी एक डोळा उघडिला. आहेर आता नजरेसमोर, मानाने झळकत. मामांनी फेटा उचलोन डोईकडे नेला, आणि तमाम मांडवाने श्वास सोडिला.

परंतु एक पुढे आला म्हणजे दुसरा मागे गेला. निळा तुकडा आता बैठकीवर, आणि त्यामागे किसनरावकाका उभे. काकांचे हित कशात होते? गप राहण्यात होते. थोडे विघ्न अजून वाढते तर पोरगा हाती होता. परंतु मान म्हणजे ऐसी वस्तू जे, तिजपुढे मनुष्य आपलेच दुकान विसरतो. काका कडाडले:

"रूपराव, ज्याच्यापायी तू रुसून बसला, तो बिस्किटी पीस तं म्याच तुह्या वास्तूत देल्ला होता बापा."

डीजेवाल्याने आवाज कमी केला, कारण त्यासही ऐकावयाचे होते. आपणांस आलेला पीस मामांनी सख्ख्या बहिणीचे घरी खपविला, हे आता शेपाचशे माणसांसमोर सिद्ध. मामा लालबुंद जाहले आणि त्यांनी उलट तोफ डागिली जे, तू तरी कोणत्या दुकानातून आणिला ते सांग. काका दुकानाचे नाव शोधू लागले. तेव्हा त्यांची पत्नी गोपिकाकाकू, ज्यांस खोटे बोलणे कधी जमलेच नाही, पोळी मोडता मोडता बोलोन गेल्या जे, तो तं आपल्या नयनच्या बारशात आर्वीहून आलता.

आर्वी म्हणताच अवघ्या नजरा व्याही नत्थूजींवर. वरपिता सापडला! नत्थूजींनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेविला, मिशा पुसल्या, आणि सरळ बुद्धीचे गृहस्थ असल्याकारणाने सांगोन टाकिले:

"आमच्या इथं तं ताराचंदजीकडूनच आलता."

ताराचंदजींनी मनकर्णाबाईंकडे पाहिले. मनकर्णाबाईंनी डीजेकडे पाहिले. यापुढे इतिहास मुका आहे. तो तुकडा मुळात कोणी विकत घेतला, याचा दाखला आजवर मिळाला नाही. जाणते सांगतात, तो स्वयंभू असावा.

आता बाका प्रसंग. चार घराणी एकमेकांची तोंडे चुकवीत उभी, भटजी घड्याळाकडे बोट दाखवीत, आणि खोलीतून मोहिनीबाईंचा निरोप आला जे, माझे लग्न आज आहे की पँटीचे, तेवढे कळवावे. तेव्हा रजतराव मांडवाचे मध्यभागी आले. दोन्ही हातांनी नाडी धरोन त्यांनी नम्रपणे पुसिले:

"ज्याचा हा पीस आहे त्यानं हात वर करा. त्याईच्या मनानं फिरवून घालतो."

एक हात वर होईना. हात वर करणे म्हणजे पुढील प्रश्न ओढवोन घेणे जे, तुझ्याकडे कोठून आला. काका मंडपाचे झालरीची शिलाई न्याहाळू लागले. नत्थूजींस मठ्ठ्यात काही पडल्याचा भास जाहला. शेवटी रूपरावमामांनी गुलाबी फेटा डोईवर घट्ट बसविला.

"माहा नाई. म्या असा रंग कधी पाह्यलाच नाई. पोरगी कुठं हाय?"

आणि मामा ऐसे वेगाने खोलीकडे निघाले जे, मोहिनीबाईंस हाती धरोन आणिले की मोहिनीबाईंनी त्यांस ओढोन आणिले, याविषयी मतभेद आहे. अक्षता पडल्या, बँड वाजला, लग्न लागले.

किसनरावकाकांनी जेवणाचे पंगतीतच तीर्थरूपांस कळविले जे, दुकानी सध्या पोराची गरज उरली नाही. पोरगा गिऱ्हाइकांसमोर काय काय पुसेल याचा नेम नाही, हे मात्र त्यांनी न कळविले.

मग आहेर. आणि येथे जे घडले ते या जिल्ह्यात पूर्वी घडले नव्हते. जो तो पाहुणा पिशवी घेऊन पुढे येई, रजतरावांची विजार पाही, आणि मागे सरोन पिशवी खुर्चीखाली सारी. न जाणो, हे पोरगे उद्या शिवील, आणि परवा भर मांडवात हात वर करावयास सांगेल. कोणी खिशातून पाकीट काढिले, कोणी पळत जाऊन स्टीलचा डबा आणिला. पँटपीस म्हणोन एकही न आला. मनकर्णाबाईंनी ओटीत पाकिटे धरोन लेकाची विजार प्रथमच नीट निरखली, पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि हुकूम केला:

"कार्तिकात देवळीले किसनरावच्या आचलचं लग्न हाय. तिथंबी हेच घालजो."

येणेप्रमाणे वैशाखमासी, सेलूचे लॉनवर, विजारीची फत्ते जाहली. लग्न लागले, विजार उतरली नाही, आणि बिस्किटी तुकडा बेवारस ठरोन कायमचा रजतरावांचे बैठकीखाली दाखल जाहला. हे वर्तमान तमाम मांडवाने डोळां पाहिले; ज्यांचे पिशवीत पँटपीस होता, त्यांनी ते न पाहिल्याचे नोंदवावे ऐसा आग्रह धरिला, सबब तैसेही नोंदविले असे.