वत्सलाताईंचा दिव्यांचा नाच

जव्हारला लाईट गेली की आमची अख्खी आळी लाइनमनचा उद्धार करते. शेजारच्या वत्सलाताई मात्र खूश होतात. काचेच्या तीन पेल्यांत तेलवात लावतात, एक डोक्यावर, दोन पालथ्या हातांवर ठेवतात आणि अंगणात गिरक्या घेऊ लागतात. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे दोन्ही कुरकुरणारे.

ताई मूळच्या खोडाळ्याच्या. आखातात नर्स होत्या. तिथे खोलीत सोबतीला फिलिपिन्सची मारिसोल होती. हा नाच तिचा. तिकडे मासेमारीला गेलेल्या होड्या सुखरूप परताव्यात म्हणून बायका किनाऱ्यावर दिवे घेऊन उभ्या राहायच्या, त्यातून हा नाच आला, असं मारिसोल सांगे. ताईंनी ते फारच मनावर घेतलं. "दिवा हलला की होडी हलली," हा त्यांचा मंत्र. माझा चहा बशीत सांडला तरी यांची होडी हलते!

मी एकदा म्हटलं, "ताई, इथून समुद्र तरी दिसतो का?"

"आपल्याला नाय दिसला तरी चालेल. होडीला आपण दिसलो म्हंजे झालं."



मागच्या उन्हाळ्यात त्या डोंगरावरच्या सूर्यमाळ गावच्या बायकांना हा नाच शिकवायला निघाल्या. मीही गेलो, गंमत बघायला. बायकांनी आधी फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर पेला ठेवला आणि एकामागोमाग एक सरळ विहिरीच्या वाटेला लागल्या. मान ताठ, ज्योतसुद्धा हलेना.

"अगं बायांनो, नाचायचंय! पाण्याला नाय जायचं!" ताई मागे धावल्या.

पुढची म्हातारी वळलीसुद्धा नाही. "डोईवर घेऊन कुणी नाचतं का? सांडंल ना!"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. ताई मात्र थांबल्या. संध्याकाळ डोंगरावर उतरत होती, त्यात ती दिव्यांची रांग हळूहळू खाली चालली होती. "मारिसोलनं बघायला पायजे होतं," त्या पुटपुटल्या.

यंदा फिलिपिन्सला, मारिसोल आता राहते त्या बेटावर मोठं वादळ झालं. फोन लागेना. ताई लाईट असतानाही दिवे घेऊन अंगणात येऊ लागल्या. नाचत नव्हत्या, नुसत्या उभ्या. जेवायला बोलावलं की "भूक नाय रे." लग्न केलं नाही, भाऊ आपापल्या संसारात. ताईंचं म्हणून जगात कोणी असेल तर ती समुद्रापलीकडची बाई, हे मला तेव्हा कळलं.

काल दिवेलागणीला दाट धुकं होतं. ताईंचा फोन वाजला. त्यांचे हात दिव्यांनी भरलेले, म्हणून मी उचलला. व्हिडिओ होता, पण पडदा काळाकुट्ट. तिकडेही लाईट नसावी. ताई पडद्याजवळ सरकल्या.

मग त्या काळोखातून मोडक्यातोडक्या मराठीत एक थकलेला आवाज आला, "वत्सला, जेवली का?"

ताईंनी दिवे एकेक करून ओट्यावर ठेवले. "जेवले गं. पोटभर जेवले," त्या धडधडीत खोटं बोलल्या. आणि डोळे पुसता पुसता मला हातानंच खूण केली, भाकर आण म्हणून.