वेंडेल कॉमिक्सच्या जत्रेला जातो

"आज माझ्या भावाकडे कुणीसुद्धा वळून बघणार नाही!" लोरेटाने छातीठोकपणे जाहीर केलं. कोलंबस शहरात कॉमिक्सची जत्रा भरली होती. जिथे चांगली नोकरदार माणसं कॉमिक्समधल्या पात्रांची सोंगं घेऊन, शेपट्या लावून हिंडतात, तिथे गाऊन-सपाता घालून स्वतःशी बोलणाऱ्या वेंडेलचं कुणाला काय!

वेंडेलला तरुणपणापासून आवाज ऐकू येत. गोळ्यांनी ते हळू व्हायचे, जायचे मात्र नाहीत. कॉमिक्समधले वेडे खलनायक त्याचे भारी लाडके.

"अरे, पण ते माणसं मारतात!" लोरेटा म्हणायची.

"ते चूकच. पण त्यांचं बोलणं पानभर छापतात गं! मधे कुणी तोडत नाही."

हे ऐकून तिला वाईट वाटायचं.

जत्रेत वेंडेलची चांदीच झाली. "काय हुबेहूब सोंग आहे!" म्हणत लोक त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. शेजारीही ज्याला टाळतात, तो वेंडेल लाजून लाल! लोरेटा खूश होऊन हॉट डॉग आणायला गेली. तेवढ्यात एका उत्साही कार्यकर्तीने त्याच्या छातीवर नंबर चिकटवला आणि त्याला वेशभूषा स्पर्धेच्या रांगेत ढकललं.

लोरेटा परतली तर वेंडेल स्टेजवर! डोळ्यांवर दिवे, कानाशी कर्ण्यांचा गडगडाट. तो कान दाबून मटकन खाली बसला. "त्यांना गप्प करा! मी काही केलं नाही हो!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट!

लोरेटा हॉट डॉगसकट वर धावली. "दिवे बंद करा! तो खरंच आजारी आहे!"

"वा! नर्सपण आणलीय!" पुढून कुणीतरी ओरडलं. ती बेकरीतल्या कामावरून थेट पांढऱ्या कोटातच आली होती ना! "वन्स मोअर!"

तिने त्याला कवेत धरून खाली आणलं. ढसाढसा रडावंसं वाटत होतं, पण आधी त्याला सावरायचं होतं.

पडद्यामागे त्याची थरथर कशीबशी थांबली, तोच परीक्षक निकाल घेऊन आले. पहिला नंबर वेड्या खलनायकाच्या सोंगात खदाखदा हसत सुरी नाचवणाऱ्या एका दंतवैद्याचा. वेंडेलला उत्तेजनार्थ!

"काम झकास केलंत," त्यांनी वेंडेलची पाठ थोपटली. "अभ्यास तेवढा कमी पडला. वेडा माणूस असा घाबरत नसतो."

लोरेटा संतापून तोंड उघडणार, तोच वेंडेलने तिची बाही ओढली.

"बरोबर आहे त्यांचं," तो हळूच म्हणाला. "पुस्तकात कुणीच घाबरत नाही. मी एकटाच घाबरतो."