पाळण्यात कोण?

चाकणच्या कंपनीत जेवायच्या सुट्टीत मृदुलाने मोबाइलवर घरचा कॅमेरा उघडला. मारुंजीच्या घरात पाळणा हलत होता. आत केयूर होता, आसपास कुणीच नव्हतं. बाळंतपणाची रजा संपून तिला कामावर येऊन आठवडाही झाला नव्हता. तिने घाबरून सासूबाईंना फोन लावला. तो माझ्या मांडीवर भात खातोय, सुमनताई म्हणाल्या.

"मग पाळण्यात कोण आहे?"

सुमनताईंनी मान वळवून पाळण्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाळना तर रिकामा हाय गं."

मोबाइलमधलं बाळ कूस बदलून मृदुलाकडे बघून हसलं.

नवरा अजिंक्य घरूनच काम करायचा, पण दार लावून मीटिंगला बसला की फोन उचलत नसे. मृदुलाने अर्धी रजा टाकली आणि स्कूटर पिटाळली. घरी केयूर सासूबाईंच्या मांडीवर, हनुवटीला वरण लावून. त्याचे हातपाय चाचपून ती जमिनीवरच बसली आणि साहेबांना लिहिलं, "उद्यापासून येणार नाही. नोकरी सोडते." मेसेज जाईना. नेट चालतंय का बघायला तिने पुन्हा कॅमेरा उघडला.

पडद्यावर दार उघडलं. केस पिंजारलेली एक बाई आत आली आणि सरळ बाळावर झेपावली. मृदुलाने मागे पाहिलं. दार बंद होतं.

"आई, घरात कुणीतरी शिरलंय."

सुमनताईंनी डोळे बारीक केले. "तूच हायस की ती. वढनी बी तुजीच."

गलका ऐकून अजिंक्य बाहेर आला. मुद्दाम उत्तरं उशिरा पोचवून बघायचा कंपनीतला एक प्रयोग त्याने घरच्या इंटरनेटवर लावून ठेवला होता, हे आत्ता कुठे कबूल केलं.

"उत्तर उशिरा आलं की नेटवर्कला वाटतं, पाठवलेलं हरवलंच. मग ते घाबरून हळू पाठवतं. उत्तर आलं तरी रांगतच राहतं. म्हणून चित्र एवढं मागे पडलं. आता चूक कळली की ते लगेच मूळ वेग धरेल."

"म्हंजी आदी हिच्यावानीच व्हतं," सुमनताई म्हणाल्या.

अजिंक्यने ऐटीत लॅपटॉपवर दुरुस्तीचं बटण दाबलं. पडद्यावर हीच तिघं आणि बाळ आलं. त्याच झटक्यात अडकलेला मेसेजही गेला. साहेबांनी तो वाचला. "बरं. राजीनामा मेलवर पाठवा."

मृदुलाने कपाळावर हात मारला. पडद्यावरच्या मृदुलानेही त्याच क्षणी मारला.

मृदुलाने घाईने लिहिलं, "सर, उगाच घाबरले होते. उद्या वेळेवर येते." उत्तर येईना. ती पडद्यावर बोट घासत राहिली, तसा सुमनताईंनी मोबाइल काढून घेतला.

"उशीर झाला म्हंजी हरवलं न्हाई. जेव आदी."

जेवताना मोबाइल थरथरला. मृदुलाने ताट संपवलं, हात धुतले, मगच पाहिलं. साहेबांनी लिहिलं होतं, "या."