मॉनिटरवर ऑफिस, टीव्हीवर पालखी

“एक कॉम्प्युटर, दोन पडदे! मॉनिटरवर ऑफिस, टीव्हीवर पालखी! साहेबाला पत्ता लागला तर मिशी काढीन!”

मुलुंडच्या चंद्रप्रकाशने बायकोला, सुलक्षणाला, छाती फुगवून सांगितलं. माणूस साधा नव्हे! ‘लिफ्ट आता आवाजावर चालते’ अशी पाटी लावून एक एप्रिलला अख्ख्या सोसायटीला “चौथा मजला! अगं, चौथा!” असं ओरडायला लावलेला!

आज मात्र मस्करी नव्हती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच तिची गावची जत्रा चुकत होती. पालखी नेटवर दिसणार होती, पण मोबाईलवर म्हातारीला दिसतंय कुठे! आणि नेमकी तेव्हाच परब साहेबांची मीटिंग!

केबल जोडली. मॉनिटरवर तक्ते, तेच ऑफिसला दिसतायत. टीव्हीवर पालखी. झकास!

“चंद्र्या, मेल्या, देवाचो मुकुट खंय गेलो?”

टीव्ही जुना, त्याचं रिझोल्यूशन वेगळं. चित्र वरून कापलेलं. देव भुवयांपासून खाली!

“थांब गं, आत्ता घालतो मुकुट!” चंद्रप्रकाशने सेटिंगमध्ये घुसून आकडा बदलला. दोन्ही पडदे काळे! उजळले तेव्हा सगळी अदलाबदल! पालखी मॉनिटरवर, म्हणजे थेट बारा जणांच्या ऑफिसात. टीव्हीवर बेचाळीस इंची परब साहेब! टक्कल मात्र आता पूर्ण दिसत होतं.

“हो टकलो कोण रे? पालखी अडवून बसलोहा!”

“आई, हळू! माईक चालू आहे! साहेब आहेत ते!”

“साहेब तुझो. माजो साहेब पालखीत आसा!”

वाट लागली! माऊसचा बाण टीव्हीच्या कुठल्या कोपऱ्यात दडला, सापडेना.

“चंद्रप्रकाश,” साहेब म्हणाले, “बंद करू नका.” आणि चक्क हात जोडले. “आये, मिया परबांचो मुकुल. तुमच्या पलीकडल्या वाडीचो. बारा वर्सां जत्रेक येवक गावला नाय.”

मग चंद्रप्रकाशने मॉनिटर आईसमोर वळवला आणि अख्खी मीटिंग पालखी बघत बसली. पालखी देवळात शिरली, तशी इकडे आईने पदराने डोळे पुसले, तिकडे साहेबांनी चष्मा. चंद्रप्रकाशने देवाचे, साहेबांचे आणि त्या खटारा टीव्हीचेही मनापासून आभार मानले.

“नोकरी वाचली गं!”

“हो ना! पण पत्ता लागला,” म्हणत सुलक्षणाने त्याच्या हातात रेझर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने हट्टच धरला, “परबांच्या मुकुलाक बघूचा आसा!” चंद्रप्रकाशने आतल्या खोलीतून मीटिंग टीव्हीवर लावली. साहेबांशेजारी त्याचा नुकताच गुळगुळीत केलेला चेहरा झळकला.

“चंद्र्या, धाव रे! टीव्ही परत बिघडलो! काल देवाचो मुकुट कापल्यान, आज तुझी मिशी!”